दुखण्याची वही

प्रश्न पहिला : थोडक्यात उत्तरे लिहा.

नात : …'त्या म्हाताऱ्या नावाड्याचे हात वठलेल्या झाडाच्या मुळांसारखे होते. लेखकाने असे का म्हटले असेल?' दोन गुण.

आजोबा : कुठल्या झाडाच्या?

नात : झाडाचं नाव नाही दिलेलं.

आजोबा : मग दोन कशाला, एकच गुण द्या म्हणावं.

नात : आजोबा, ही उपमा आहे. 'सारखं' आलं की उपमा. मुळांसारखे म्हणजे वाकडेतिकडे, कडक, म्हातारे. सातवीच्या मुलांना एवढंच लिहायचं असतं.

आजोबा : नावाड्याला घट्टे पडतात ते तळहाताला. बोटं पाण्यानं फुगून मऊ झालेली असतात. मूळ कसं असतं? चहूबाजूंनी कडक. या लेखकानं एक तर नाव बघितलेली नाही, नाही तर मूळ.

नात : हळू बोला ना. सगळा दवाखाना बघतोय.

आजोबा : बघू दे. दवाखान्यातल्या बाकावर बसून माणसानं दुसरं काय बघायचं? आपला नंबर कितवा?

नात : बारावा. आत्ता दहावा गेला आत.

आजोबा : म्हणजे अर्धा तास. तो दहावा माणूस पाय ओढत गेला बघ, अगदी रंगात येऊन. चांगला आजारी दिसतो. नाही तर आम्ही.

नात : आजोबा, आपण वही घरी विसरलो असं सांगू या का?

आजोबा : का? मागच्या खेपेला डॉक्टरबाईंनी केवढं कौतुक केलं तुझ्या वहीचं. दुखण्याची इतकी छान वही आजवर कुणी आणली नाही म्हणाल्या.

नात : तेच तर.

आजोबा : काय तेच तर?

नात : एक विचारू? पहिल्या सोमवारी मी वही घेऊन बसले, तेव्हा तुम्ही मला काय सांगितलंत?

आजोबा : दुखतंय.

नात : मंगळवारी?

आजोबा : दुखतंय.

नात : बुधवारी?

आजोबा : बुधवारी सांगितलं, 'कालच्यासारखंच.' आलं की नाही 'सारखं'? लाव एक गुण.

नात : आणि मी काय लिहिलं?

आजोबा : पाठ आहे मला. 'आज उजव्या पायात विजेचा लोळ उतरला.' आणि ते पुढचं, 'तळव्यांखाली जणू कुणी निखारे अंथरले होते.' अगं, तू वाचून दाखवलंस तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, कोण बिचारा आहे हा?

नात : पण वीज नव्हती ना?

आजोबा : दुखत होतं.

नात : वीज होती का?

आजोबा : वकीलबाई, लाकूड माझं होतं. वरचं पॉलिश तेवढं तुझं.

नात : डॉक्टरांनी चौदा दिवस रोज लिहून आणायला सांगितलं होतं. रोज नुसतं 'दुखतंय' कसं लिहायचं? मराठीच्या बाई म्हणतात, एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की वाचणाऱ्याला झोप येते. वर्णनात निदान एक तरी उपमा हवी. मला वाटलं, डॉक्टरांनासुद्धा झोप येईल.

आजोबा : बरोबरच आहे.

नात : बरोबर नाही! त्यांनी ते वाचून गोळी दिली. गोळी घ्यायला लागल्यापासून तुम्हाला गरगरतं. परवा मंगळवारी तुम्ही बाथरूममध्ये पडलात.

आजोबा : घसरलो.

नात : नळ धरून बसला होतात. मी उठवलं तुम्हाला.

आजोबा : आईला बोललीस?

नात : तुम्हीच नको म्हणालात. आजोबा, ती गोळी विजेची असेल तर? म्हणजे वीज असलेल्या पायांची? आणि तुमच्या पायांत वीजच नसेल तर?

आजोबा : मग काय, रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

नात : पखाल म्हणजे?

आजोबा : पाणी वाहायची कातड्याची मोठी पिशवी. रेड्याच्या पाठीवर टाकायचे. रेडा पडला आजारी आणि शहाण्यांनी औषध पाजलं पिशवीला.

नात : मग रेड्याचं काय झालं?

आजोबा : ते म्हणीत सांगत नाहीत.

नात : अकरावा गेला आत. आपण आज खरं सांगून टाकू.

आजोबा : नको.

नात : का पण?

आजोबा : वहीच्या आधी घरात काय चाललं होतं, आठव. तुझी आई काय म्हणायची? तिच्या आवाजात म्हण.

नात : 'चालायला जा म्हटलं की यांचे पाय दुखतात. आणि लाकूड तासायला रंधा हातात घेतला की तासभर तसेच उभे.'

आजोबा : तुझा बाप?

नात : 'बाबा, वय झालं.'

आजोबा : कोपऱ्यावरचा जुना डॉक्टर?

नात : तेच. वय झालं.

आजोबा : आणि तू वही वाचून दाखवलीस त्या संध्याकाळी?

नात : आईनं गरम पाण्याची पिशवी आणली. बाबांनी खुर्ची आणून दिली.

आजोबा : तुझ्या बापानं सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, 'बाबा, कसं वाटतंय?' मी सहा महिने 'दुखतंय' म्हणत होतो, तर घरातलं मांजरसुद्धा कूस बदलत नव्हतं. तुझी वीज पडली आणि सगळं घर जागं झालं. आता ती वीज काढून घेतलीस की मी पुन्हा नाटकी म्हातारा. मग खरं सांगून माझ्या हातात काय राहणार?

नात : पण रंधा मारताना खरंच दुखत नाही?

आजोबा : हळू.

नात : (अगदी कानाशी) दुखत नाही?

आजोबा : नाही. तेच तर मला कळत नाही. कधी कधी वाटतं, सूनबाई म्हणते तेच खरं असेल. माझे पायच नाटक करत असतील माझ्याशी.

डॉक्टर : बारा नंबर! या मिस्त्री. दार जरा उचलून लोटा, खाली घासतं.

आजोबा : खाली नाही घासत, बाई. वरची बिजागरी सुटलीय. चोर वर बसलाय आणि तुम्ही खाली शोधताय.

प्रश्न दुसरा : चूक की बरोबर ते सांगा.

डॉक्टर : बसा. वही आणलीय ना? दे बाळ. अरे वा, सव्वीस पानं झाली! 'आज विजेने पोटरीला विळखा घातला.' काय लिहिते हो ही. मागच्या खेपेला वाचलेल्या ओळी मी घरी म्हणून दाखवल्या, आमच्याकडे सगळे हळहळले.

आजोबा : आमच्याकडेही.

डॉक्टर : 'सुयांच्या गादीवर रात्र काढली.' हं. तर मिस्त्री, वीज, निखारे, सुया, सगळ्यांचं बोट एकाच दिशेला आहे. पायाच्या नसा. गोळी आपण दुप्पट करू. आणि एक तपासणी करून घेऊ. पायात बारीक सुया टोचून बघतात, नसा काम करतायत की नाही. थोडा त्रास होतो.

आजोबा : होऊ दे.

डॉक्टर : गोळीनं चक्कर?

आजोबा : नाही.

डॉक्टर : तोल जातो?

आजोबा : छे.

डॉक्टर : वीज अजून तशीच उतरते?

आजोबा : उतरते.

डॉक्टर : आणि रात्रीचे निखारे?

आजोबा : आहेत की. निखारे आहेत.

नात : आजोबा.

आजोबा : मोठी माणसं बोलतायत ना?

नात : डॉक्टर, चूक.

डॉक्टर : काय चूक?

नात : निखारे चूक. वीज चूक. सुयांची गादीपण चूक, ती मला शाळेच्या बसमध्ये सुचली.

डॉक्टर : सुचली?

आजोबा : लहान आहे, बाई. सुयांचं नाव ऐकून घाबरली.

नात : सुया माझ्या पायात टोचणार आहेत का? डॉक्टर, आजोबांनी रोज फक्त 'दुखतंय' सांगितलं. बाकीचं सगळं मी घातलं. आणि चक्करपण येते त्यांना. मंगळवारी बाथरूममध्ये पडले. बाही वर करा, आजोबा.

आजोबा : घसरलो.

डॉक्टर : बाही.

आजोबा : त्यात काय बघायचं?

डॉक्टर : वर करा. हं. मिस्त्री, नुसतं घसरलेल्याचं कोपर असं दिसत नाही. डोकं आपटलं का कुठे? माझ्या बोटाकडे बघा. डावीकडे. उजवीकडे. नशीब चांगलं आहे तुमचं. मला आत्ता 'छे' म्हणालात आपण!

आजोबा : म्हणालो.

डॉक्टर : आणि तू. इकडे बघ. वीज खोटी होती, पण गोळी खरी होती. कळतंय मी काय म्हणते?

नात : हो.

डॉक्टर : खाली नको बघूस. रडायचं तर रड, पण रडता रडता उत्तर दे. या सव्वीस पानांत खरं काय काय आहे?

नात : तारखा खऱ्या आहेत.

डॉक्टर : तारखा.

नात : आणि एका पानावर लिहिलंय की आजोबा बाकावर बसले. ते खरं आहे. त्या दिवशी मला उशीर झाला होता म्हणून पुढं काही घातलं नाही.

आजोबा : तिला बोलू नका, बाई. मला ती रोज वाचून दाखवायची. मी 'हे चूक आहे' म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. आवडायचं मला.

डॉक्टर : मलाही आवडलं ना! तीच तर पंचाईत. दिवसाला चाळीस माणसं इथं बसून 'दुखतंय' म्हणतात. तुझी वही आली आणि मी खुर्चीला टेकून वाचत बसले. तुम्हाला उभं करून, चालवून बघायचं होतं, ते राहिलं. चूक माझीपण आहे, थोडी नाही, चांगली मोठी. आजपासून गोळी वाढवायची नाही. एकदम बंदही करायची नाही, हळूहळू उतरवू, मी लिहून देते. आणि आता पहिल्यापासून.

प्रश्न तिसरा : योग्य पर्याय निवडा.

डॉक्टर : जळतं?

आजोबा : नाही.

डॉक्टर : टोचतं?

आजोबा : नाही.

डॉक्टर : ठणकतं?

आजोबा : ठणकणं म्हणजे दाढेचं ना? नाही.

डॉक्टर : मुंग्या येतात? चमक मारते? सुन्न पडतं?

आजोबा : थोडं. नाही. थोडं.

डॉक्टर : मग कसं दुखतं?

आजोबा : दुखतं म्हणजे दुखतं, बाई. तुम्ही दिलेल्या लाकडांत माझं लाकूड नाही, त्याला मी काय करू?

प्रश्न चौथा : संदर्भासह स्पष्टीकरण द्या.

नात : मी विचारू का त्यांना?

डॉक्टर : तू?

नात : एकच विचारते. आणि या वेळी मी काही घालणार नाही.

डॉक्टर : विचार.

नात : आजोबा, तुमचे पाय सोडा. तुमच्या हत्यारांत असं कुणी आहे का, जे तुमच्या पायांसारखं वागतं?

आजोबा : हे काय विचारणं झालं?

नात : करवत?

आजोबा : करवत कशाला? करवत अडकली की पहिल्यापासून अडकते.

नात : पटाशी?

आजोबा : पटाशी बोथट झाली तर दिवसभर बोथट. मध्येच बरी होत नाही.

नात : म्हणजे पाय मध्येच बरे होतात?

आजोबा : होतात की.

नात : मग असं कोण आहे? आधी चांगलं, मग वाईट, मग परत चांगलं?

आजोबा : थांब. घाई करू नकोस.

डॉक्टर : वेळ घ्या.

आजोबा : रंधा. रंध्यासारखे वागतात.

नात : सांगा ना. डॉक्टरांना रंधा माहीत नसेल.

डॉक्टर : माहीत आहे, पण सांगा.

आजोबा : रंध्याला खाली तोंड असतं, पात्यासमोर. लाकडाची पातळ साल तिथून वर निघते. पहिले दहा हात लोण्यासारखे जातात. मग त्या तोंडात साली अडकायला लागतात. एकीवर एक. दिसत नाही बाहेरून. रंधा जड होत जातो. पातं तेच, लाकूड तेच, पण हात पुढे जात नाही. नवखा माणूस जोर लावतो, आणि लाकूड फाडून ठेवतो. जाणता माणूस थांबतो. रंधा उलटा करतो, टकटक करून तोंड मोकळं करतो. की परत दहा हात लोणी.

नात : आणि पाय?

आजोबा : तसेच. घरातून निघालो की छान. पोस्टाच्या पेटीपर्यंत काही नाही. तिथून भरायला लागतात. दुखतं म्हणजे… भरतात ते. कमरेखाली जड होत जातात, आणि मग पुढचं पाऊल नाहीच. मी बाकावर बसतो, असा पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून. दोन मिनिटं. मोकळे. परत एका पोस्टाच्या पेटीएवढं चालतो.

डॉक्टर : नुसते उभे राहिलात तर मोकळे होतात?

आजोबा : नाही. उभ्यानं उलट जास्त भरतात.

डॉक्टर : वाकलंच पाहिजे?

आजोबा : वाकलंच पाहिजे.

डॉक्टर : मोठ्या दुकानात ट्रॉली ढकलत जाता का कधी?

आजोबा : तुम्हाला कुणी सांगितलं?

डॉक्टर : कुणी नाही. जाता का?

नात : आई शनिवारी नेते ना! ट्रॉली आजोबांकडे. सगळं दुकान दोनदा फिरतात. आई म्हणते, 'रस्त्यावर लंगडतात आणि दुकानात पळतात.'

डॉक्टर : ट्रॉलीवर ओणवे होऊन ढकलता?

आजोबा : हँडलवर भार देऊन. बरं वाटतं.

डॉक्टर : चढ त्रासाचा की उतार?

आजोबा : हे तर मी कुणाला सांगतच नाही. चढ बरा. उतार वाईट. जग उलटं सांगतं. लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकंही गेलं.

डॉक्टर : आणि रंधा मारताना?

नात : सांगा ना, आजोबा.

डॉक्टर : मिस्त्री?

आजोबा : दुखत नाही. तासभर मारला तरी नाही. बाई, मी खोटं बोलत नाही, म्हणजे मघाशी बोललो, पण हे नाही. चालताना दुखतं हेही खरं आणि रंधा मारताना दुखत नाही हेही खरं. आता काय मानायचं ते तुम्ही माना.

डॉक्टर : उठा. काठी हिच्याकडे द्या, हे टेबल तुमचा सुतारकामाचा बाक समजा, आणि रंधा मारून दाखवा.

आजोबा : रंध्याशिवाय?

डॉक्टर : माझी डायरी घ्या. हां. मारा. कसे उभे आहात बघा. अगं, तू सांग, आजोबा कसे उभे आहेत?

नात : वाकून! पुढे वाकून!

आजोबा : मग ताठ उभं राहून रंधा कोण मारतं?

डॉक्टर : कुणीच नाही. म्हणून दुखत नाही. आता सरळ व्हा. थोडे मागे वाका, मी धरलंय. तसेच थांबा. तीस मोजते.

आजोबा : अं… आले. भरायला लागले.

डॉक्टर : पुढे वाका. आता?

आजोबा : जातंय. गेलं. हे काय केलंत तुम्ही?

डॉक्टर : मी काही नाही केलं. बसा. पाठीच्या कण्याच्या मधून पायांच्या नसा खाली येतात. वय वाढलं की काहींची ती वाट अरुंद होते. ताठ उभं राहिलं, उतार उतरला, की आणखी आवळते. वाकलं की सैल. दुखतात पाय, पण गोची वर, पाठीत. तसं असावं असं मला वाटतंय. नक्की आत्ता म्हणणार नाही, आज एकदा तोंडावर पडलेय मी. पाठीचा एमआरआय काढू, मग ठरवू.

आजोबा : म्हणजे वरची बिजागरी.

डॉक्टर : म्हणजे वरची बिजागरी.

आजोबा : आणि वय झालं.

डॉक्टर : वय झालंच आहे. पण तेवढं सांगून पेशंटला घरी पाठवायचं नसतं. मिस्त्री, सोंग करणारा माणूस इथं येऊन काय सांगतो माहितीये? 'सगळीकडे दुखतं आणि सारखं दुखतं.' चढ बरा आणि उतार वाईट, दुकानात पळतो आणि रस्त्यावर थांबतो, असलं कुणी घरी बसून रचत नाही. तुम्ही जे सहा महिने लपवत होतात ना, तीच तुमची साक्ष आहे.

आजोबा : हे लिहून द्याल?

डॉक्टर : देते की, गोळ्या, तपासणी, सगळं…

आजोबा : ते नाही. रंधा मारताना दुखत नाही, ते. सूनबाईला वाचता येईल अशा अक्षरात.

डॉक्टर : लिहिते. 'चालताना दुखते. वाकून काम करताना दुखत नाही. दोन्ही खरे आहे.' खाली सही करते. चालेल?

आजोबा : शिक्का?

डॉक्टर : शिक्काही मारते. आणि तू, ही तुझी वही घे.

नात : फाडून टाकू?

डॉक्टर : फाडायची नाही. गोष्ट म्हणून फार चांगली आहे. वरती एखाद्या म्हाताऱ्या राजाचं नाव घाल आणि वीज, निखारे, काय हवं ते त्याच्या पायांत सोड. त्याला कुणी गोळ्या देणार नाही. आजोबांसाठी वेगळी वही कर. तिच्यात ते सांगतील तेच.

नात : उपमा नको?

डॉक्टर : हवी ना! आजची सगळ्यात उपयोगाची गोष्ट उपमाच होती. फक्त पाय ज्यांचे, त्यांना विचारून घाल.

प्रश्न पाचवा : तुमच्या शब्दांत लिहा.

नात : आली पोस्टाची पेटी. बसायचं?

आजोबा : बस. बाक ओला नाही ना? हुश्श.

नात : आईला कोण सांगणार?

आजोबा : ज्यानं वीज पाडली तो.

नात : आणि ज्यानं ती पाठ केली तो?

आजोबा : बरं. दोघं सांगू. आधी शिक्क्याचा कागद द्यायचा, मग बाकीचं. लाकूड चिरायचं तर आधी रेघ मारून घ्यावी.

नात : आई ओरडेल.

आजोबा : ओरडू दे. मंगळवारचं लपवलं त्याबद्दल ओरडायला पाहिजेच. आणि मग तुझ्या बापाला सांगू, शनिवारी मला दुकानात पळताना नीट बघ म्हणावं.

नात : आजोबा, रेड्याचं काय झालं असेल?

आजोबा : कुठला रेडा?

नात : पखालीचा. मला वाटतं, कुणीतरी त्याला विचारलं असेल.

आजोबा : असेल. त्या नावाड्याच्या प्रश्नाचं काय केलंस? तो तसाच राहिला.

नात : लिहू काय? 'लेखकाने झाड नीट बघितले नसावे.'

आजोबा : दोन गुण जातील.

नात : मग असं लिहिते. 'नावाड्याला कुणीच विचारले नाही की तुझे हात कशासारखे आहेत. त्याने वेगळे सांगितले असते.'

आजोबा : याला तीन द्यायला हवेत.

नात : थांबा, नवीन वही काढते. आणली होती मी. वार गुरुवार. वेळ साडेपाच. ठिकाण पोस्टाच्या पेटीजवळचा बाक. आजोबा, सांगा. दुखतंय?

आजोबा : दुखतंय.

नात : कसं? रंध्यासारखं भरलंय?

आजोबा : रोज रोज रंधा नको. त्यालाही सुट्टी असू दे.

नात : मग कशासारखं लिहू?

आजोबा : आज कशासारखं नाही. नुसतं दुखतंय.

नात : नुसतं?

आजोबा : नुसतं. झोप आली का वाचणाऱ्याला?

नात : नाही. लिहिलं. 'दुखतंय.' पूर्णविराम. वाका पुढे, आजोबा. काठी मी धरते, आपल्याला घाई नाही.